लोथार थांबायचा

[चेअरलिफ्टच्या खुर्चीत तिघं मावतात. हे सगळं वर जाताना बोललेलं. खाली घसरत येताना कुणी बोलत नाही.]

रविवार. तिघं.

एगोन : ...आणि बघतो तर लोथार त्या वाकड्या पाइनखाली उभा! स्की काढून बर्फात खोचलेल्या, थर्मास उघडलेला, आरामात चहा पितोय. म्हटलं, अरे, झालं काय? म्हणतो, काही नाही रे, बायको यायचीय. अजून दोन कप होतील.

इर्मा : तीन म्हणाला होता. तीन कप.

एगोन : तीनच! बघ रोसी, हिला पाठ आहे.

इर्मा : आणि मी आले तेव्हा चहा संपलेला.

रोस्विता : तू आलीस तेव्हा हिवाळा संपलेला, इर्मा.

एगोन : हा हा! काय माणूस होता पण. कधी चिडला नाही. दरवर्षी, प्रत्येक उतारावर, बायकोसाठी थांबायचा. मी नसतो थांबलो.

रोस्विता : तू माझ्यासाठी थांबावंस अशी वेळ कधी आलीय? ती खुर्चीची दांडी घ्या रे खाली. लोथार असता तर कुणी सांगायच्या आधी घेतली असती.

इर्मा : हो. बूड टेकायच्या आधी घ्यायचा.

एगोन : खेळाचा मास्तर. जन्मभर पोरांना दोरावर चढवलं. शिस्त होती अंगात.

इर्मा : आता ती सांग ना. धुक्यातली.

एगोन : ती? ती तुला ठाऊक आहे की.

इर्मा : असू दे. सांग.

रोस्विता : आता नको, वर आलो आपण. इर्मा, तुझा मफलर लोंबतोय, लिफ्टच्या चाकात जाईल. एप्रिलमध्ये एकाला पुरलं, तेवढं पुरे आहे

रविवार. दोघं.

रोस्विता : मागे वळू नकोस. इर्मा मागच्याच्या मागच्या खुर्चीवर आहे. हात हलवतेय.

एगोन : मग मी पण हलवू?

रोस्विता : हलव. आणि ऐक. शनिवारी निघायच्या आधी गेस्टहाउसची थालरबाई नेहमीसारखी नाश्त्याच्या टेबलांवरून फिरणार. पुढच्या वर्षी कोण कोण, तोच आठवडा, त्याच खोल्या. त्याआधी इर्मानं स्वतःच्या तोंडानं म्हणायला पाहिजे, की मी आता येत नाही.

एगोन : आणि नाही म्हणाली तसं?

रोस्विता : ब्रुनर नवराबायकोला मी शब्द दिलाय. टेबल चौघांचं आहे. आपण दोघं, ते दोघं. ते काळ्या, सगळ्यात अवघड उतारावरून जातात, एगोन. आपण इतकी वर्षं मधल्या लालच्या पुढे का नाही गेलो? या बाईची वाट बघण्यात.

एगोन : मला लाल आवडतो.

रोस्विता : तुला जेवढं येतं तेवढंच आवडतं.

एगोन : मग तिला सरळ सांगून टाक.

रोस्विता : मित्राच्या विधवेला? असं तोंडावर? मी काय राक्षसीण आहे?

एगोन : मग काय करायचं?

रोस्विता : काहीच नाही. आपण खाली तिची वाट बघतो ना? बघायची. हसून बघायची. ती धापा टाकत आली, थांबली, की लगेच निघायचं. "आलीस? चला!" आपली विश्रांती झालेली, तिची कधीच होत नाही. आणि कुणाची बिशाद नाही म्हणायची, की तुम्ही थांबला नाहीत.

एगोन : हे आत्ता सुचलं तुला?

रोस्विता : आपल्या पहिल्या स्कीमास्तरनं तुझ्यावर केलं होतं. विसरलास? दुसऱ्याच दिवशी रडलास.

एगोन : डोळ्यांत बर्फ गेला होता.

रोस्विता : दोन्ही डोळ्यांत?

सोमवार. तिघं.

इर्मा : एक मिनिट... बोलू नका माझ्याशी... मांड्या पेटल्यात नुसत्या.

रोस्विता : अगं, मग सांगायचं! आम्ही थांबलो असतो.

इर्मा : थांबला होतात की. मी आले आणि तुम्ही निघालात.

रोस्विता : उभं राहिलं की अंग गार पडतं ना, राणी. तुझ्या भल्यासाठीच. एगोन, हिला म्हटलं मी, खाली गावात किती काय काय आहे. वाफेची खोली आहे, घोड्यांची गाडी आहे. नाहीतर निळा उतार. तिथे लहान मुलं असतात, कुणी घाई करत नाही.

एगोन : निळा छान आहे.

इर्मा : मला तुमच्याबरोबर राहू दे.

रोस्विता : राहाच की! कोण नको म्हणतंय? फक्त या वयात हाड मोडलं तर... आता घरी भाकरीचा तुकडा हातात द्यायलाही कुणी नाही ना तुला.

इर्मा : रोसी, तुला सांगू? घरी त्याचं नाव कुणी काढत नाही. मुलगी विषय बदलते, मला त्रास होऊ नये म्हणून. शेजारीण त्याची खुर्ची मागून घेऊन गेली. शाळेत नवीन मास्तर आलाय, तरुण आहे. इथे तुम्ही बोलता. लिफ्टवर बसलं की एगोन सुरू होतो. "लोथार थांबायचा, लोथार थांबायचा." मग मला किती का हसेनात कुणी. मी वर्षभर या आठवड्याची वाट बघत होते.

एगोन : असं आहे होय...

इर्मा : हा एवढाच आठवडा तो असतो.

रोस्विता : हं. दांडी उचला. आणि इर्मा, वर पोचल्यावर आम्ही पुढे होतो. तू ये सावकाश, आम्ही

मंगळवार. दोघं.

एगोन : मला वाटतं सोडून द्यावं, रोसी.

रोस्विता : काय सोडून द्यावं?

एगोन : हेच. तिचं ऐकलंस ना काल? ब्रुनरना म्हणावं, तुमचं तुम्ही वेगळं टेबल घ्या.

रोस्विता : वेगळं टेबल घ्यायला ब्रुनर वेडे आहेत का? आणि तुला ब्रुनरकडून चष्म्याच्या दुकानासाठी जागा हवी आहे, का नको? चष्मे काय तू आता इर्माला विकणार आहेस?

एगोन : तसं नाही गं...

रोस्विता : दोन दिवस झाले, बाई मोडत नाही. दर वेळी आपली धापा टाकत येते आणि हसते. कशी हसते कळत नाही मला. आता मी वेगळं बोलणार आहे तिच्याशी. तू दुपारी मागच्या खुर्चीवर बस.

एगोन : वेगळं म्हणजे?

रोस्विता : लोथारचं.

मंगळवार. दोघी.

रोस्विता : एगोनचा पट्टा सैल झालाय, तो येईल मागून. बरं झालं. कधीपासून बोलायचं होतं तुझ्याशी. बाई-बाईत.

इर्मा : बोल ना.

रोस्विता : तुला वाईट वाटेल.

इर्मा : मग नाही वाटून घेणार.

रोस्विता : लोथार तुझ्यासमोर हसायचा गं. पण याच लिफ्टवर, तू मागे असताना, तो आमच्याकडे कुरकुर करायचा. म्हणायचा, माझा आठवडा वाया गेला. म्हणायचा, ही बाई माझ्या पायातली बेडी आहे. मी एकटा असतो तर काळ्यावरून उतरलो असतो.

इर्मा : असं म्हणायचा?

रोस्विता : दरवर्षी.

इर्मा : बेडी म्हणायचा?

रोस्विता : मी तुला सांगणार नव्हते. पण खरं ते कळलेलं बरं.

इर्मा : अजून काय म्हणायचा?

रोस्विता : अजून?

इर्मा : हो. आठव ना. काळ्यावरून उतरलो असतो म्हणायचा, मग? कुठल्या? उत्तरेकडच्या?

रोस्विता : इर्मा, तू हसतेयस?

इर्मा : नाही गं. थंडीनं ओठ ताणलेत. सांग ना, कसं म्हणायचा ते. त्याच्या आवाजात.

रोस्विता : तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?

बुधवार. एगोन आणि इर्मा.

एगोन : रोसी कुठे गेली?

इर्मा : खाली सूप घेतेय. तिला काही दिसलं नाही. पुढे झुकू नकोस. दांडीला धर.

एगोन : गाढवपाठीच्या त्या उभ्या टप्प्यावरून सरळ खाली गेली माझी स्की. एकटीच. मी आपला बसलोय बर्फावर, एक पाय वर, एक पाय खाली, हलता येईना. हलतो तर मीही गेलो. आणि वरून काहीतरी सप्पकन गेलं माझ्या बाजूनं.

इर्मा : उगीच वाढवू नकोस.

एगोन : तू गेलीस! सरळ! एकही वळण नाही. कड्याच्या दोन हात अलीकडे स्की पकडलीस आणि अशी कंबर वळवून थांबलीस, की बर्फाचा फवारा उडाला. मी बघितलंय. आमचा स्कीमास्तर नाही असा थांबत.

इर्मा : घाबरले होते. घाबरलं की होतं असं.

एगोन : घाबरल्यावर लोक पडतात, इर्मा! मी पडलो होतो! हे तुला कधीपासून येतं?

इर्मा : लहानपणापासून. आमचं गाव डोंगरात होतं, शाळेत स्कीवरूनच जायचो.

एगोन : मग हे इतकी वर्षं... हे रडतखडत येणं... आत्ता, या आठवड्यातसुद्धा?

इर्मा : रोसीला सांगणार नसशील तर सांगते.

एगोन : नाही सांगणार.

इर्मा : आईची शपथ घे.

एगोन : आईची शपथ.

इर्मा : पहिल्या वर्षी गाढवपाठीच्या तोंडाशी आलो आपण. तुम्ही दोघं उतरलात. लोथार उभाच. मी बघितलं, त्याचे गुडघे लटपटत होते. पँटच्या कापडातून दिसत होते, इतके. तुम्ही खालून हाका मारताय. खेळाचा मास्तर, आणि त्याला खाली बघवेना. मी मुद्दाम पडले. मोठ्यानं ओरडले, लोथार, थांब रे, मला नाही जमत! मग आम्ही दोघं कडेकडेनं, पायरी पायरीनं उतरलो.

एगोन : आणि दुसऱ्या दिवशी?

इर्मा : परत पडले. मग पुढच्या वर्षी. मग सवयच झाली. जलद उतरण्यापेक्षा असं रडत उतरणं फार दमवतं, सांगते तुला.

एगोन : पण तो तर आधी पोचून चहा...

इर्मा : पाइनपर्यंत सपाटच आहे रस्ता. तिथवर जायचा आणि थांबायचा. पुढचा उतार दिसायला लागला की त्याला माझी आठवण यायची.

एगोन : हे तुम्ही दोघांनी ठरवलं होतं?

इर्मा : कधी बोललोच नाही. शेवटी शेवटी तर त्यालाच खरं वाटायचं. खोलीत आलं की मला शिकवायचा, गुडघे असे वाकव, खांदे असे ठेव. मी वाकवायचे.

एगोन : आणि आता तो नाही, तरी?

इर्मा : आता मी सरळ उतरले तर तो कुणासाठी थांबत होता, असं विचारतील ना लोक. एगोन, शपथ घेतलीयस.

एगोन : घेतली ना. घेतलीच आहे मी

बुधवार. नवराबायको.

एगोन : खुर्ची सुटू दे, मग सांगतो. सुटली? रोसी, तू पडशील ऐकून.

रोस्विता : काय झालं?

एगोन : लोथार फट्टू होता.

रोस्विता : काय?

एगोन : फट्टू! नेभळट! त्याचे पाय लटपटायचे आणि ती पडायची! मुद्दाम! मी स्वतः बघितलं, ती वाऱ्यासारखी उतरते. आपण तिची वाट बघत नव्हतो, ती त्याची वाट बघत होती.

रोस्विता : थांब, थांब. म्हणजे तो थर्मास...

एगोन : भीतीनं! भीतीनं चहा पीत होता!

रोस्विता : आणि "अजून तीन कप होतील"...

एगोन : तोवर उतार सपाट होतो का बघूया!

रोस्विता : एगोन, गप्प, खुर्ची हलतेय... अरे देवा, पोटात दुखायला लागलं... आणि तू! तू दरवर्षी माझी बोलणी खायचास. लोथारसारखं राहायला शीक म्हणायचे मी तुला!

एगोन : म्हणायचीस! लोकांसमोर म्हणायचीस! लोथार बघ, बायकोसाठी कसा थांबतो. वीस वर्षं ऐकलंय मी हे, रोसी. वीस वर्षं.

रोस्विता : रात्री जेवताना सांगूया. इर्मा येणार नाहीये, डोकं दुखतंय म्हणाली.

एगोन : मी शपथ घेतलीय.

रोस्विता : कुणाची?

एगोन : आईची.

रोस्विता : ती जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. तू सांगू नकोस. तू फक्त नक्कल कर. मी सांगते.

गुरुवार. तिघं.

इर्मा : सकाळी मी नाश्त्याला आले तर सगळ्यांनी टाळ्या का वाजवल्या?

रोस्विता : कारण तू आमची राणी आहेस!

इर्मा : एगोन?

एगोन : हवा काय मस्त पडलीय आज.

इर्मा : एगोन. माझ्याकडे बघ.

रोस्विता : त्याला नको रागावू. मी काढून घेतलं त्याच्याकडून. अगं, सांगायचंस की आम्हाला! आम्ही परके आहोत का? किती सोसलंस तू त्या माणसापायी. सगळ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं काल.

इर्मा : कुणाकुणाला सांगितलं?

रोस्विता : कुणाला नाही, ते विचार. थालरबाईनं स्वयंपाक्यालासुद्धा बाहेर बोलावलं. आणि एगोननं काय धमाल नक्कल केली! दोन टेबलांच्या मधे, हातात दोन काटे घेऊन, गुडघे असे...

एगोन : रोसी, पुरे.

रोस्विता : का? काल तर तू दोनदा केलीस. पुन्हा कर म्हणाले सगळे.

इर्मा : चर्चमध्ये तू बोलला होतास, एगोन. एप्रिलमध्ये. "ज्याला थांबणं माहीत होतं असा माणूस" म्हणालास. मी ते वाक्य त्याच्या दगडावर कोरून घेतलंय.

एगोन : तेव्हा मला काय माहीत होतं!

रोस्विता : दगडावर? खरंच? अरे देवा... नाही, हसत नाहीये मी, थंडीनं... एगोन, तू तरी हसू नकोस ना!

इर्मा : धुक्यातली गोष्ट तुला आठवते ना, एगोन? त्यानं तुम्हाला हाका मारून खाली आणलं होतं. ते खरं आहे. ते त्यानंच केलं होतं. मी नव्हते त्यात.

एगोन : हो, पण धुक्यात काय, उतार दिसतच नाही. मग भीती कसली?

शुक्रवार. तिघं.

रोस्विता : तुझ्यासाठी आनंदाची बातमी आहे. एगोन, तू सांगतोस? बरं, मीच सांगते. पुढच्या वर्षी ब्रुनर आमच्याबरोबर येणार होते. तुला बोललो नव्हतो, तू मनाला लावून घेशील म्हणून. काल मी त्यांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. तुझी जागा पक्की! थालरबाईलाही सांगून ठेवलंय.

एगोन : दक्षिणेकडची खोली. बाल्कनीवाली.

रोस्विता : आणि तू आम्हाला काळ्यावर न्यायचंस. आता सुटका नाही तुझी. अशी जादूगारीण आपल्या टेबलावर असताना आम्ही ब्रुनरांच्या मागे कशाला जाऊ?

इर्मा : मी इथे कशासाठी येत होते ते सांगितलं होतं तुला. सोमवारी.

रोस्विता : आठवतंय ना. घरी त्याचं नाव कुणी काढत नाही.

इर्मा : हो.

रोस्विता : मग इथे आता पूर्वीपेक्षा जास्तच काढतात!

एगोन : रोसी...

रोस्विता : काय चुकीचं बोलले? दांडी उचल, उतरायचंय. इर्मा, काठ्या सांभाळ. चल, एक, दोन... इर्मा? इर्मा, उतर ना! एगोन, ती बसूनच आहे! खुर्ची वळतेय!

एगोन : अहो! अहो भाऊ, थांबवा लिफ्ट! बाई राहिल्या आत!

रोस्विता : काय हा वेंधळेपणा! थांबली बघ. अख्खा डोंगर लटकलाय तुझ्यापायी. ये, हात दे माझ्या हातात.

इर्मा : मी बसूनच खाली जाते.

रोस्विता : बसून? अगं, बसून लोक वर येतात. खाली जातात ते पाय मोडलेले.

इर्मा : आणि घाबरलेले.

एगोन : तो लिफ्टवाला विचारतोय, बाईंना बरं नाहीये का?

इर्मा : त्याला सांग, भीती वाटते. मोठ्यानं सांग.

रोस्विता : काहीतरीच काय! आपले सगळे मागून वर येतायत, शेजारच्या टेबलावरचे हेफ्टर येतायत, बायका येतायत. प्रत्येक खुर्ची तुझ्या समोरून जाणार. काय म्हणतील?

इर्मा : विचारतील. मी सांगेन, लाल उतार बघितला आणि पाय गळाले, नेहमीसारखे. एगोनची स्की कड्यालाच अडकली होती, मी बसून घसरत तिथवर गेले. बाकीचं त्यानं दोन ग्लास वाइनवर रचलं. लोथार माझ्यासाठीच थांबायचा.

रोस्विता : आणि लोक विश्वास ठेवतील?

इर्मा : आजवर ठेवला की. एगोन, त्याला म्हणावं चालू कर. लोक गारठतायत.

एगोन : इर्मा, ऐक ना. मी पुन्हा सांगेन त्यांना. पहिल्यासारखं सांगेन, अगदी...

इर्मा : आता तुला नाही यायचं ते. करा हो, चालू करा!

रोस्विता : गेली.

एगोन : गेली.

रोस्विता : बघ कशी बसलीय. ताठ. जशी काही बसनं बाजाराला चाललीय. मी ब्रुनरना आता कुठल्या तोंडानं फोन करू?

एगोन : हेफ्टर आले समोरून. तिला हाक मारतायत.

रोस्विता : बोलतेय का ती?

एगोन : बोलतेय. हात हलवून सांगतेय काहीतरी. गुडघ्यावर हात मारून दाखवतेय.

रोस्विता : आणि ते?

एगोन : हसतायत.

रोस्विता : कुणाला?

एगोन : इथून नाही कळत.